मेधा, शिखरं दोन होती

मेधा,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या सोडून बाल्कनीत जाऊन उभी राहते. बसमध्ये चढते आणि दोन स्टॉप आधीच उतरते. तुझ्या तेराव्याला चिक्कडपल्लीला तुमच्या घरी आले तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, तीनदा सांगितलं, पुष्पाताई, आता तुम्ही पानावर बसा. मी वाढत राहिले. बसले असते तर शेजारी तुझ्या सासूबाई होत्या. त्यांनी विचारलं असतं, तुमची मेधाची ओळख कशी, आणि सुरुवात कुठून करायची हेच मला ठरवता येत नव्हतं.

म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. माझी मराठी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. नांदेडकडून आलेल्या आजोबांची, मलकपेठच्या गल्लीत वाढलेली, निम्मी दखनी. शाळा तेलुगू मीडियमची. तिशी उलटली तरी मला मराठी पेपरातला मथळा बोट ठेवून वाचावा लागायचा. जेवणाच्या सुट्टीत तू मला वाचायला शिकवलंस. मी दोन ओळी लिहायची आणि तू लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घांभोवती गोल काढायचीस, अगदी परीक्षकासारखे. तू मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणालीस आणि मी तुला तिसऱ्या दिवसापासून 'तू'. तुला वाटायचं मी आपलेपणानं म्हणते. खरं म्हणजे आमच्या घरी 'तुम्ही' फक्त सासरच्यांना म्हणायचे, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान पोरीला तसं म्हणायला माझी जीभ वळेना.

तू आलीस त्या दिवसांत शहरात जो तो कंपनी काढत होता. कोणी सॉफ्टवेअरची, कोणी औषधांची. आमच्या सरांनी सरकारी नोकरी सोडून मलकपेठेत एक दुमजली घर भाड्यानं घेतलं होतं. खाली घरमालक, वर आमची लॅब. घोड्यांच्या रेसच्या दिवशी रस्ता तुंबला की बर्फाच्या पेटीतले नमुने घेऊन येणारा ड्रायव्हर कोपऱ्यावर अडकून पडायचा आणि मी चालत जाऊन पेटी उचलून आणायची. नमुने कोळंबीच्या पिल्लांचे. किनाऱ्यावर भातशेती करणाऱ्यांनी तळी खोदली होती, कोळंबी परदेशी चालली होती, आणि एक विषाणू असा होता की तो तळ्यात एकदा उफाळला की आठवड्यात सगळं तळं मरायचं. पिल्लं सोडण्याआधी ती तपासून द्यायची, हे आमचं काम. माझ्याकडे बी.एस्सी. आणि हाताला सवय. तुझ्याकडे पुण्याची डॉक्टरेट आणि नवऱ्याची इथली बदली.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला तू आवडली नव्हतीस. तू माझी पिपेट धरायची पद्धत सुधारलीस. ती सुधारण्यासारखी होती, म्हणून जास्त राग आला.

नवं मशीन आलं तेव्हा मात्र आपण दोघी सारख्याच अडाणी होतो. त्याआधी आपण डीएनए वाढवायचो, जेलवर चालवायचो आणि शेवटी पट्टी दिसते की नाही ते बघायचो. हे मशीन डीएनए वाढत असतानाच दाखवायचं. नळीत एक डाय, म्हणजे रंग, घालायचा. डीएनएच्या दुहेरी दोऱ्याला तो चिकटला की चमकतो, एरवी मंद. दर फेरीला दोरे दुप्पट होतात, चमक वाढते, आणि पडद्यावर रेघ चढत जाते. शेवटी नळी हळूहळू तापवायची. दोरे सुटले की चमक विझते, आणि ज्या तापमानाला विझली तिथे पडद्यावर एक शिखर उठतं. प्रत्येक विषाणूच्या तुकड्याचं शिखर आपापल्या जागी. मी त्याला पीक म्हणायची, सगळेच म्हणायचे. माझ्या वडलांना वाटायचं पोरगी कंपनीत पिकं मोजते. तू हसलीस आणि म्हणालीस, मराठीत शिखर म्हणा.

आपल्याला एकाच नळीत दोन विषाणू ओळखायचे होते. एक मारणारा, आणि एक साधा, जो निम्म्या पिल्लांत असायचाच आणि ज्याचं कोणी फारसं मनावर घ्यायचं नाही. म्हणजे शिखरं दोन. आणि डाय कुठला वापरायचा ते ठरवायचं काम सरांनी तुझ्यावर टाकलं.

ते दिवस मला फार आवडायचे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. दोन डाय होते. एक सगळे वापरायचे तो, दुसरा नवा. त्याची छोटी बाटली एजंटनं नमुना म्हणून टेबलावर ठेवली होती. तू नेहमीच्या डायला हिरवा मार्कर दिलास, नव्याला जांभळा. दहापट, शंभरपट, हजारपट पातळ केलेले नमुने, प्रत्येक तीन-तीनदा. मी भरायची, तू लिहायचीस. नेहमीचा डाय थोडा जास्त पडला की वाढच गुदमरायची, रेघ उशिरा चढायची. म्हणून तू तो कमी केलास. रेघा सुंदर आल्या. तू त्या प्रिंटवर हात फिरवलास तो मला आठवतो.

पण डाय कमी केला की शिखराच्या डाव्या बाजूला, दुसरं शिखर जिथं यायला हवं तिथं, नुसता फुगवटा यायचा. उतरणीवर खांदा असावा तसा. काही नमुन्यांत तेवढाही नाही. उरलेल्या नळ्यांत मी एके दिवशी दुपारी तुला न विचारता तेच नमुने नव्या डायनं चालवले. तो जास्त घातला तरी वाढ अडत नव्हती. आणि पडद्यावर स्वच्छ दोन शिखरं उभी राहिली. मी प्रिंट काढून तुझ्यासमोर ठेवला. म्हणाले, आधी सुटणाऱ्या दोऱ्यावरून निघालेला डाय उरलेल्या दोऱ्यावर जाऊन बसत असणार, कमी पडतोय तो, म्हणून डावीकडचं शिखर दिसतच नाही.

हे मी कुठं वाचलेलं नव्हतं. मला तसं वाटलं होतं.

तू प्रिंट पाहिलास. नीट पाहिलास, तेवढं श्रेय देते. मग म्हणालीस, "पुष्पाताई, खांदा म्हणजे शिखर नव्हे. आणि एका रनवरून काही ठरत नाही."

एका रनवरून ठरत नाही हे बरोबरच होतं. पण मग आणखी दोन रन करायला हवे होते. सरांना सोमवारी अहवाल हवा होता, बँकेचे लोक येणार होते. तू नेहमीच्या डायवर सही केलीस. मी माझा प्रिंट घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि हात धुतले. मी आवाज चढवायला हवा होता का? इतकी वर्षं हाच विचार माझ्या डोक्यात येरझारा घालतोय. मी बी.एस्सी., तू डॉक्टर. मी म्हणाले, हौ, ठीक आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते क्रमानं सांगू दे, कारण एका जागी मी खोटं बोललेय.

सुब्बय्या नावाच्या माणसाची पिल्लं आपल्याकडे तपासली गेली. आपण लिहून दिलं, साधा विषाणू आहे, दुसरा नाही, सोडायला हरकत नाही. त्यानं सोडली. अडीच महिन्यांनी तळं मेलं. नुसतं त्याचं नाही, त्याच पाण्यावरची शेजारची दोन तळीही. फ्रीझरमध्ये ठेवलेला त्याचा नमुना तू स्वतः बाहेर काढलास, माझ्या हातात दिला नाहीस. दोन्ही डायनं चालवलास. हिरव्यात एक शिखर, जांभळ्यात दोन. तू दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेस. मग म्हणालीस, आपली चूक झाली.

आपली. तो शब्द माझ्या कानात तेव्हाच अडकला.

सरांचं म्हणणं होतं की वाटेत बर्फ वितळला असेल, नमुना खराब झाला असेल, तसं पत्र पाठवून देऊ. तू नाही म्हणालीस. शांतपणे, उभं राहून. म्हणालीस, मी त्याच्या गावी जाऊन त्याला सांगणार आहे. सर म्हणाले, तुम्हाला तेलुगू येत नाही. तू माझ्याकडे बघितलंस.

आपण सकाळची गाडी धरून गेलो, रात्रीपुरते तालुक्याच्या लॉजवर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत रिक्षानं तळ्यावर पोचलो. बांधावर चुन्याच्या गोणी फोडलेल्या. रिकाम्या तळ्याचा वास असा की तू पदर नाकाला लावलास आणि लगेच खाली घेतलास, कोणाला दिसू नये म्हणून. सुब्बय्या बनियनवर होता, उंच, कानात बाळी. त्याच्या मागे आणखी चौघे, शेजारच्या तळ्यांचे. कोणी बसा म्हणालं नाही.

तू मराठीत बोललीस, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत. "त्यांना सांगा, कागदावर सही माझी आहे. दुसरा रोग मशीननं दाखवला होता. मी मानलं नाही. चूक माझी आहे."

मी तेलुगूत काय सांगितलं ते आज लिहिते. मी सांगितलं, अम्मा म्हणतात, हा रोग फार लबाड आहे, मशीनलाही कधीकधी सापडत नाही. त्यांना फार वाईट वाटलं म्हणून एवढ्या लांब आल्या.

सुब्बय्यानं मान हलवली. मागचे चौघे एकमेकांकडे बघून सैल झाले. तो म्हणाला, अम्मा, तुम्ही तरी काय करणार. हात जोडले. त्याच्या बायकोनं ताक आणलं. तू ते दोन्ही हातांनी घेतलंस आणि तुझे डोळे भरून आले. परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, किती मोठा माणूस आहे, एका शब्दानं बोलला नाही.

मी का तसं केलं? तुझ्यासाठी भ्याले, हे खरं. पाच पुरुष, आपण दोघी, ओसाड बांध. नोकरीसाठी भ्याले, हेही खरं. पण तिसरंही एक आहे, आणि तेच मला झोंबतं. तू 'मी मानलं नाही' म्हणालीस, तेव्हा 'पुष्पाताईंनी दाखवलं होतं' एवढं एक वाक्य म्हणाली असतीस, तर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघितली. तुझं बोलून झालं होतं. मग मला वाटलं, ठीक आहे, तू मशीनचं नाव घेतेस, तर मीही मशीनचंच घेते.

परत आल्यावर तू महिनाभर दुसरं काही केलं नाहीस. सगळे जुने नमुने दोन्ही डायनं पुन्हा चालवलेस, कमी डाय, जास्त डाय, सगळ्या पायऱ्यांनी. ज्यांचे निकाल बदलले त्या प्रत्येकाला पत्र गेलं. सरांनी तोंड वाकडं केलं पण तपासणीतला डाय बदलला. त्या तुलनेचा छोटा निबंध छापून आला, त्यावर दोन नावं होती. माझं आडनाव तू बरोबर लिहिलं होतंस, शाळेच्या दाखल्यावरही जे चुकलेलं आहे. मी तो घरी नेला. वडलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, हीच ना तू? त्यांच्या आयुष्यातला तो एवढा आनंद मी तुझ्यामुळे बघितला. याबद्दल मी तुझे आभार मानले का? आठवत नाही. मानले नसावेत.

मग कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली, सरांनी घर बांधलं, तू कॉलेजात शिकवायला लागलीस, मी दिलसुखनगरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. तरी दर दुसऱ्या शनिवारी भेटायचो. तू माझी अंबाडीची भाजी बोटं चाटून खायचीस. आणि कुठूनतरी विषय तिकडे वळायचा. तू म्हणायचीस, तेव्हा आपण चुकलो. मी म्हणायची, आपण कसे? तू म्हणायचीस, सोडा ना आता. मी सोडायची. पुढच्या शनिवारी पुन्हा धरायची. गेल्या महिन्यात तर मी सरळच विचारलं, मी तुला प्रिंट दाखवला होता की नव्हता, एवढं एकदा तोंडानं म्हणशील का? तू चहाचा कप बशीत ठेवलास, माझ्याकडे बघितलंस आणि प्रशांतच्या बीपीबद्दल बोलायला लागलीस. मी अर्धा चहा टाकून उठले. जाताना चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, तू हाक मारशील म्हणून.

त्यानंतर प्रशांतचा फोन आला तो दवाखान्यातूनच. मेंदूत रक्तस्राव. चार दिवस काचेपलीकडे तू, आणि बाहेर बाकावर आम्ही. सांगायचं होतं ते मी काचेला सांगणार होते का?

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी मी गाडीत बसले. घरी सांगितलं मैत्रिणीच्या कामानं जातेय. सुब्बय्याचं गाव तेच, तळी मात्र पुन्हा भरलेली, पाण्यात हवा ढवळणाऱ्या चाकांचा आवाज. तो म्हातारा झालाय, काठी घेतो. मला ओळखलं नाही. लॅबचं नाव सांगितल्यावर ओळखलं आणि त्याचा चेहरा बंद झाला.

मी बांधावर उभी राहूनच सगळं सांगितलं. त्या दिवशी अम्मा वेगळं बोलली होती, मी वेगळं सांगितलं. तिनं चूक कबूल केली होती. मी ती तुमच्यापर्यंत पोचू दिली नाही.

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

मी म्हणाले, कसं?

त्यानं खाटेकडे बोट केलं, बसा म्हणाला. मग सांगितलं. तळं मेलं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तू आली होतीस, एकटी. नवी तपासणी चांगली आहे, पिल्लं पाठवा, मी स्वतः बघेन, हे सांगायला. तोडकंमोडकं तेलुगू बोलत होतीस, बसमध्ये आणि भाजीवाल्यांकडे शिकलेलं. बोलता बोलता म्हणालीस, तुम्ही मला माफ केलंत ते मी विसरणार नाही. त्यानं विचारलं, कशाबद्दल माफ केलं? तेव्हा तुला कळलं. तिथं, त्या बांधावर, माझ्याशिवाय.

आणि मग तू त्याला सगळं पुन्हा सांगितलंस.

सुब्बय्या म्हणाला, तो भडकला. तीन तळ्यांतली माणसं त्या वर्षी गाव सोडून कामाला गेली होती. त्यानं तुला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, पुन्हा तोंड दाखवू नका म्हणाला. तू भर दुपारी रस्त्यापर्यंत चालत गेलीस. त्याची बायको तांब्या घेऊन मागे धावली तर तू लांब गेली होतीस. जाण्याआधी त्याला एक विनंती केलीस, त्या दुसऱ्या अम्माला हे कळवू नका, ती माझ्या काळजीनं तसं बोलली.

त्या उन्हाळ्यात तू दोन दिवस रजेवर होतीस. पुण्याला जाऊन आले म्हणालीस. तिसऱ्या दिवशी आलीस, माझ्यासमोर डबा उघडलास, माझ्या वहीत लाल गोल काढलेस. आणि त्यानंतर सगळे शनिवार. मी तुला 'आपण कसे' म्हणून टोचत राहिले आणि तू सोडा ना म्हणत राहिलीस. मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, दोन आठवडे आले नसते. पण आले असते. एवढाही भरवसा वाटला नाही का तुला? की मी तुझं बोलणं बदललं याचा राग होता, आणि तो तू अशा रीतीनं गिळून बसलीस? मला कळत नाही. आता कळायचंही नाही. याच्यामुळेच बसवत नाही मला.

सुब्बय्यानं विचारलं, अम्मा बरी आहे ना? मी सांगितलं. त्यानं काठी दोन्ही हातांत धरली. म्हणाला, पाणी तरी द्यायला हवं होतं मी.

निघताना मी त्याला विचारलं, ती नेमकं काय म्हणाली होती? शब्द आठवतात का? त्यानं डोळे बारीक केले. म्हणाला, तिचं तेलुगू लहान मुलासारखं होतं, म्हणून लक्षात राहिलं. आणि तुझ्यासारखं थांबत थांबत म्हणून दाखवलं.

"तप्पु नादि. आमे चेप्पिंदि. नेने विनलेदु."

गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभी होते. मला ते तेलुगूत समजलं होतं, पहिल्याच झटक्यात. पण ते मला मराठीत हवं होतं, तुझ्या मराठीत, इतकी वर्षं. मग मीच ते सावकाश केलं, एकही शब्द न बदलता.

चूक माझी. तिनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.